कोकरांच्या लग्नातली अडचण

नदीच्या गाळात मेंढी रुतली होती आणि नेलिदा तिचे पुढचे पाय धरून ओढत होती. तेवढ्यात पलीकडच्या काठावरून आवाज आला, "मदत करू का?"

तिने मान वर केली. गळ्यात कॅमेरा, पाठीवर पिशवी, उन्हाने सोललेलं नाक... असा एक तरुण उभा होता.

"जमणार असेल तर या," ती म्हणाली.

तो आला. म्हणजे तीन पावलं नीट आला, चौथ्याला घसरला आणि कॅमेरा डोक्यावर धरून कमरेइतक्या गाळात बसला. त्या धपक्याने मेंढी अशी काही दचकली, की एका उडीत काठावर.

"बघा, काढली की नाही बाहेर?" तो गाळातूनच म्हणाला.

नेलिदाला हसू आवरेना. मेंढीसाठी आणलेली दोरी तिने त्याच्याकडे फेकली.

त्याचं नाव लिसांद्रो. तिकडे खाली, सांता फेच्या सपाट मुलखात तो प्राथमिक शाळेत मास्तर होता. उन्हाळ्याच्या सुट्टीत चार दिवस इथले, हुहुयचे रंगीत डोंगर बघायचे आणि परतायचं, असा त्याचा बेत. पण त्याच संध्याकाळी वरून पाण्याचा लोंढा आला आणि दरीतला रस्ताच घेऊन गेला. ट्रक येणार कुठून? नेलिदाच्या वडिलांनी, सेलेस्तीनोंनी, लोकर ठेवायच्या खोलीत त्याला अंथरूण घालून दिलं. चार दिवसांचे तीन आठवडे झाले.

तो सकाळी नेलिदाबरोबर मेंढरं घेऊन वर जायचा आणि वाटेत प्रश्न विचारून तिला भंडावून सोडायचा.

"त्या लाल डोंगराला काय म्हणतात?"

"डोंगर."

"आणि तो जांभळा?"

"तोही डोंगरच. तुमच्याकडे प्रत्येक गव्हाच्या शेताला नाव असतं वाटतं?"

"नसतं. पण तिथे सांगायला असं कोणी नाही ना... म्हणून विचारत नाही."

नेलिदा उगाच पुढे गेलेल्या मेंढीला हाका मारत सुटली. ती मेंढी कुठेही चुकली नव्हती.

एका दुपारी गारा आल्या. दोघं खडकाच्या कपारीत शिरली. जागा एकाचीच. लिसांद्रोने आपला पोंचो, अंगावरची लोकरीची घोंगडी, तिच्या डोक्यावर धरला आणि स्वतः अर्धा बाहेर भिजत राहिला. ओल्या लोकरीचा वास, खडकावर ताडताड गारा.

"परवा रस्ता सुरू होतोय म्हणे," तो म्हणाला.

"हो. ट्रक येईल."

"बरं होईल ना तुम्हाला... एक खाणारं तोंड कमी."

"तुम्ही खाता कुठे? बोलतच असता."

तो हसला. गारा थांबल्या तरी दोघं तिथेच उभी होती.

दुसऱ्या दिवशी मेंढरांच्या कानांना खुणा करायच्या होत्या. शेजारपाजारचे सगळे मेंढरांच्या वाड्यावर जमले. प्रत्येकाच्या कानामागे सबज्याची डहाळी, टोपलीत रंगीत लोकरीचे गोंडे. सेलेस्तीनोंनी जमिनीत खड्डा करून पाचामामाला, म्हणजे धरणीमातेला, मक्याची दारू, चिचा, पाजली. आता आधी कोकरांचं लग्न. एक नर, एक मादी, दोघांना पोंचोवर शेजारी निजवायचं, म्हणजे कळप वाढतो. आणि लग्न म्हटलं की धर्माचे आईबाप हवेत.

"यंदा बाप आमचा हा पाहुणा," सेलेस्तीनो मोठ्याने म्हणाले. "आमची मेंढी त्याने गाळातून काढली. आणि आई, आमची नेलिदा."

लिसांद्रोचा चेहरा उजळला. त्याने लगेच कोकरू उचललं.

नेलिदाच्या मात्र पायाखालची जमीन सरकली. एकदा असे शेजारी उभे राहिले, की ती दोघं कोम्पाद्रे आणि कोमाद्रे. जन्मभराचं नातं. एकमेकांच्या आजारपणाला धावून जायचं, भेटल्यावर टोपी काढायची... पण जत्रेत एकत्र नाचायचंसुद्धा नाही, मग प्रेमाची गोष्टच सोडा. हे इथल्या रांगणाऱ्या पोराला ठाऊक असतं. सांता फेच्या मास्तरला कुठून असणार? आणि वडिलांजवळ देण्यासारखा याहून मोठा मान नव्हता. तो नाकारायचा, तोही भर वाड्यात?

"चला, नेलिदा," लिसांद्रो म्हणाला. "सगळे थांबलेत."

"मी नाही उभी राहणार."

वाजत असलेले डफ थांबले. सेलेस्तीनोंच्या हातातला पेला हातातच राहिला.

"माझ्या शेजारी उभं राहायला..." लिसांद्रोचा आवाज एकदम खाली आला. "इतकं वाईट वाटतं?"

ती मान हलवत राहिली. तेव्हा एउसेबिया आत्या उठली आणि तिने आपला डफ नेलिदाच्या हातात दिला.

"बोलवत नसेल तर गा, पोरी. डफावर म्हटलेल्याचा कोणी राग धरत नाही."

नेलिदाने डोळे मिटले, डफावर थाप दिली.

*कोकराचा बाप तू हो, माझी हरकत नाही,*
*आईच्या त्या जागी माझा पाय ठरत नाही;*
*कोमाद्रे म्हणशील, मान देशील जन्मभर मला,*
*नुसत्या मानावर माझं पोट भरत नाही.*

आधी बायका हसल्या, मग सगळा वाडा हसला. लिसांद्रो एकेकाच्या तोंडाकडे बघत होता. आत्याने त्याच्या कानात सगळं समजावलं, पण आत्याचा आवाज असा, की ते पलीकडच्या टेकडीलाही समजलं.

लिसांद्रोने कोकरू विस्तवासारखं खाली ठेवलं. "मी बाप नाही. दुसरा बघा."

"आता? कोकरू उचलल्यावर?" सेलेस्तीनो म्हणाले. त्यांनी एकदा मुलीकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे. मग बहिणीला म्हणाले, "चल, एउसेबिया, आपण उभे राहू. आपण भाऊबहीणच, आपलं काय बिघडतंय? आणि मास्तर... आमच्या शाळेला दोन वर्षं मास्तर नाही. सहज सांगून ठेवतो."

"ते नंतर," आत्या म्हणाली. "आधी त्याला डफ द्या. पोरीने गायलंय, जबाब नको का द्यायला?"

लिसांद्रोने डफ घेतला. ठोका एकीकडे, सूर दुसरीकडे.

*उद्या दरीत ट्रक आला तर येऊ दे,*
*मी... मी त्यात बसणार नाही.*

"चार ओळी लागतात, पोरा," मागून कोणीतरी ओरडलं.

"बाकीच्या दोन येत नाहीत मला अजून." तो नेलिदाकडे वळला. कपाळावर घाम, कानामागची डहाळी लोंबकळत होती. "किती दिवस लागतील शिकायला?"

नेलिदाने त्याच्या हातातला डफ काढून घेतला आणि ती डहाळी नीट खोचून दिली.

"तुझा ताल बघता..." ती म्हणाली, "बरीच वर्षं."