मागच्या उजव्या चाकाची घरघर

ब्लेझचा एक हट्ट होता. आपल्या गाडीच्या नटबोल्टला परक्याचा पाना लागता कामा नये. अठरा वर्षं मस्कतच्या गॅरेजात लोकांच्या गाड्यांची पोटं उघडून कोळंबला परतलेला माणूस तो, मालवणातल्या कुणापुढे किल्ली घेऊन कशाला उभा राहील? आता तो मच्छीमारांची इंजिनं दुरुस्त करायचा. बायको क्लॉडिया ओरोसला सरकारी कचेरीत होती आणि गाडी तीच चालवायची. रोज सकाळी कसालमार्गे ओरोस, संध्याकाळी परत.

गुरुवारी ती घरी आली ती पांढरीफटक पडून. कसालच्या अलीकडच्या उतारावर म्हैस आडवी आली. हिने ब्रेक दाबला, तर गाडी घसरत घसरत गेली आणि थांबली ती म्हशीच्या शेपटीशी.

"आणि तो आवाज रे," ओट्यावर बसकण मारत ती म्हणाली. "ब्रेक दाबलो काय मागसून येता. कोण म्हातारा माणूस घशातलो बेडको ओढता ना, तसो. माका किळस येता."

"पॅड संपले आसतले. आयतवारी चारय पॅड नि दोनय डिस्क नवे घालतंय."

"नीट घाल हां. सोमवारी परत तोच उतार आसा. तू हय ओट्यार बसान चाय पितलंस, म्हशीर मी आपटतलंय!"

शुक्रवारी ती एसटीने गेली. ब्लेझच्या मनाला ते फार लागलं. घरात मेकॅनिक नवरा असून बायको स्टँडवर उभी राहते, म्हणजे गावात नाक कापल्यासारखंच.

रविवारी चर्चमधली मिसा आटोपून तो थेट अंगणात उतरला. पुढच्या चाकांना चिरे लावले, हँडब्रेक सोडला, जॅक फिरवला. डावी बाजू त्याने तासाभरात संपवली. पॅड धरून ठेवणाऱ्या कॅलिपरचे दोन बोल्ट काढले, कॅलिपर तारेने वर टांगून ठेवला, झिजलेले पॅड उपसले, डिस्कवर हातोडीचे चार ठोके देऊन ती सोडवली. नवी डिस्क पेट्रोलने पुसून बसवली. हाताला चिकटला तो नेहमीचा काळा भुसा. सगळं कसं मस्कतसारखं.

उजवं चाक उतरवलं आणि वास आला.

सडक्या माशाचा वास तो ओळखत होता. कोळंबला राहायचं आणि तो वास ओळखायचा नाही म्हणजे कमालच. खारा वारा पत्रा खातो म्हणून इथले लोक होडीसारखं गाडीच्या पोटालाही माशाचं तेल फासतात. ब्लेझनेच पावसाआधी ते फासलं होतं. तेव्हा ते डिस्कवर उडालं असणार, म्हणून ब्रेक घसरला. खुळो तो मीच, असं स्वतःला म्हणत त्याने बोल्ट सैल केले.

पण माशाच्या तेलाला असा गोडसर वास येत नाही. आजाऱ्याच्या उशीला येतो तसा, घामाचा आणि खोबरेल तेलाचा तो वास होता. पॅड काढले तर ते ओले. तीन दिवस गाडी उभी, पाऊस नाही, आणि पॅडवर पांढरट, ताणली की तार धरणारा चिकटा. बोटाला लागला तो कोमट लागला. ब्लेझने हात फडक्याला पुसला, मग मातीत पुसला, मग पुन्हा फडक्याला.

डिस्क हातोडीच्या पहिल्याच ठोक्याला सुटली. त्याने ती उलटी केली.

डिस्कच्या मधोमध वाटीसारखा खोलगट भाग असतो. चाकाच्या हबवर घट्ट बसल्यावर तिथे काडी शिरायला वाव नसतो. त्या वाटीत केस होते. दोन-चार नव्हेत. अंबाडा घालावा तसे नीट गुंडाळलेले, वाटीभर. मुळाशी पांढरे, पुढे मेंदीने तांबडे झालेले, आणि सगळ्यांवर तो चिकटा.

त्याने डिस्क तशीच मातीत ठेवली.

"गो क्लॉडिया!" त्याने तिथूनच हाक मारली. "रस्त्यार काय चिरडलंस काय?"

"गोगलगाय सुद्धा नाय," आतून उत्तर आलं. "कित्याक रे?"

"काय नाय."

कुत्रा असेल, त्याने ठरवलं. मेंदी लावणारा कुत्रा! स्वतःच्याच विचाराची त्याला शिसारी आली. पक्कडीने एक बट धरून त्याने ओढली. ती आली, येत राहिली, हातभर आली, आणि मग अडली. त्याने जोर केला तेव्हा दुसऱ्या बाजूनेही हलकाच हिसका बसला. मासा गळाला लागल्यावर दोरी बोटांत हलते, तेवढाच.

ब्लेझने पक्कड टाकून दिली आणि फणसाच्या बुंध्याशी जाऊन ओकला.

आणि नेमका तेव्हाच लवू फाटकात आला. लवू शेजारचा मच्छीमार, खाडीत एकट्याचं जाळं लावायचा. दोघांचा जुना करार होता. ब्लेझकडच्या जुन्या डिस्क लवूच्या जाळ्याला वजन म्हणून जायच्या. भोकं आयती, दोर ओवला की झालं. बदल्यात संध्याकाळी मासे.

"झाले काय रे काढून?" लवूने विचारलं. "भरती सुरू झाली, जाळा टाकूक चाललंय."

आता इथे ब्लेझने सांगायला हवं होतं. थांब, ही नको नेऊ, हिच्यात घाण आहे. पण काय घाण, हे कुठल्या तोंडाने सांगणार? आणि खरं सांगायचं तर त्याला ती वस्तू अंगणातून जायला हवी होती, कुठेही, फक्त लवकर. दर्या सगळं धुतो, असं तो मनाशी म्हणाला. ओढलेली बट पक्कडीने आत ढकलून वाटीत रॉकेलचा बोळा कोंबला, वाटी खाली करून ती डिस्क दुसरीवर ठेवली आणि दोन्ही लवूच्या हातात दिल्या.

"आवशीक खाव, काय वास मारता रे!" लवू हसला. "बरां आसा. वासान मासो येता."

तो गेल्यावर ब्लेझने हब तारेच्या ब्रशने घासघासून लखलखीत केला. नवी डिस्क, नवे पॅड, पिनांना ग्रीस. बोल्ट दोनदा आवळले. पेडल दाबून दाबून टणक केलं आणि गाडी तारकर्लीच्या रस्त्यावर घेऊन गेला. सात वेळा कचकन ब्रेक लावला. गाडी सातही वेळा जागच्या जागी थांबली, आवाज म्हणाल तर चकार नाही. क्लॉडिया शेजारी बसली होती. सातव्या वेळी ती पोरीसारखी हसली.

"मेकॅनिक खरो तू," ती म्हणाली. ब्लेझची छाती फुगली, आणि तो सकाळचा अंबाडा त्याने मनातून पार हाकलून दिला.

दिवेलागणीला लवू सहा शेवटे मासे घेऊन आला. टपोरे, पोटं फुगलेली.

"इतकी रास कधी लागली नव्हती," तो म्हणाला. हसत मात्र नव्हता. "पण जाळा उचलताना जड लागला रे. तळाक कोण धरून बसल्यासारख्या."

"चिखलात रुतला आसतला."

"आसतला," लवू म्हणाला आणि न बसताच गेला.

क्लॉडियाने मासे साफ करून आतडी नारळाच्या आळ्यात टाकली आणि तिरफळं घालून तिखलं केलं. ब्लेझ पानावर बसला, पण घास तोंडाशी नेला की बोटांना तो गोड वास यायचा. लिंबू चोळून झालं होतं, राख चोळून झाली होती.

"जेव मरे!"

"पोटात बरां नाय. तू जेव."

ती जेवत होती. त्याने दोनदा तोंड उघडलं. नको खाऊ, एवढंच सांगायचं होतं. पण मग का, ते सांगावं लागलं असतं, आणि लवूला काय दिलं तेही. तिने तिसरा तुकडा घेतला, काटे बाजूला काढले, बोटं चाटली. तो बघत बसला.

सोमवारी साडेआठला ती निघाली. वळणावर तिने मुद्दाम ब्रेक दाबून दाखवला. गाडी मुकाट थांबली. ब्लेझने हात हलवला.

मग तो नारळाला पाणी घालायला गेला.

आतडी आळ्यात तशीच पडली होती. रात्रभर मांजर फिरकलं नव्हतं. कावळे कुंपणावर ओळीने बसले होते, खाली एकही उतरत नव्हता.

त्याने काठीने एक पोटळी उकलली.

आत केस होते. मुळाशी पांढरे, पुढे तांबडे.

दुसरी उकलली. तिच्यातही.

सहाच्या सहा.

त्याने खिशातला फोन काढला. क्लॉडिया घेईना. उतारावर असेल. त्याने पुन्हा लावला. मग पुन्हा. हाताला घाम सुटला होता आणि त्या घामाला तोच वास येत होता.

साडेनऊला तिचाच फोन आला.

"पोचलंय रे. इतके फोन कित्याक? ब्रेक एकदम झक्कास. उतारार परत म्हैस इली, पण गाडी अशी थांबली! आणि आवाज तर गेलोच..."

ती बोलता बोलता थांबली आणि खाकरली.

ब्लेझने ओळखला, गुरुवारी तिने सांगितला होता तोच आवाज. लांबलचक, ओला, तळातून ओढून आणलेला.

"क्लॉडिया?"

"कालचो काटो अडाकलो वाटता," ती म्हणाली. "सकाळपासून हा असा. पाणी पिलंय, सुको भात गिळलंय, जायनाच. थांब हां, हाताक लागता."

तो थांबला. फोनमधून कचेरीतल्या पंख्याची खटखट ऐकू येत होती.

"गावलो," ती म्हणाली. आवाज घोगरा झाला होता. "शी! काटो न्हय रे हो. लांब आसा."

"ओढू नको! गो, ओढू नको!"

"मी खंय ओढतंय?" क्लॉडिया हळूच म्हणाली. "आतसून ओढता."