आधी सगळं बाहेर!

घरातला नको तो पसारा बाहेर काढायचा, त्यात अवघड ते काय? पण ठोकळ्या सकाळपासून स्वयंपाकघराच्या दारात अडून बसला होता.

ठोकळ्या म्हणजे कस्तुरीच्या घरचा यंत्रमानव. चौकोनी अंगावरून हे नाव बाबांनीच ठेवलेलं. घट बसायला थोडेच दिवस उरले होते आणि गावात घरोघरी दसरा काढणं, म्हणजे भांडीकुंडी, गोधड्या, कपडे सगळं धुऊन घर लख्ख करणं चाललं होतं. "घरातलं नको ते बाहेर काढ," एवढंच आईने त्याला सांगितलं होतं. ठोकळ्याने आधी एक फुटकी कपबशी उचलली. "ही टाकाऊ आहे का?" मग झिजलेला खराटा उचलला. मग एक वाकडा पितळी तुकडा उचलून तो नुसताच दिवे लुकलुकवत राहिला. "ही वस्तू माझ्या माहितीत नाही."

एरवी कस्तुरी पोट धरून हसली असती. आज तिला हसू येत नव्हतं. ओसरीवर बाबा आणि सिंधूआत्या यांचं वाजलं होतं.

बाबांची दोन्ही मूत्रपिंडं (रक्त साफ करणारे अवयव) निकामी झाली, त्याला दोन वर्षं झाली होती. तेव्हापासून एक दिवसाआड तालुक्याला जाऊन डायलिसिस (यंत्रातून रक्त धुऊन घेणं) करावं लागे. लघवी जवळजवळ थांबलेली, त्यामुळे प्यायचं पाणीही वाटीने मोजून मिळे. उन्हाळ्यात कस्तुरी तांब्या तोंडाला लावायची तेव्हा बाबा मान फिरवायचे. तिला फार वाईट वाटायचं. मग ती परसात जाऊन लपून पाणी पिऊ लागली.

सिंधूआत्या पुण्याला संशोधक होती. कमरेला पट्ट्यासारखं बांधायचं मूत्रपिंड तिच्या प्रयोगशाळेने तयार केलं होतं. आता त्याची माणसांवर चाचणी सुरू व्हायची होती आणि बाबांची प्रकृती त्यासाठी योग्य ठरली होती. उद्या सकाळी आत्या परत निघणार होती आणि बाबा तर काही केल्या हो म्हणेनात.

"अरे दादा, पण का नाही?"

"तूच म्हणलीस न्हवं, तुजं यंत्र घाणीबरूबर साखर, मीठ, पाणीबी रक्तातनं भाईर काढतं? आगं, मग माज्यात ऱ्हाईल काय? चिपाड?"

"खरं मूत्रपिंडही तेच करतं, दादा."

हे ऐकून कस्तुरीसुद्धा चक्रावली. चांगलं ते बाहेर टाकायचं, हा कुठला शहाणपणा? आत्या कागदावर आकृती काढायला लागली, तसे बाबांनी डोळेच मिटून घेतले.

तेवढ्यात ठोकळ्या ओसरीवर आला. "हा तुकडा टाकाऊ आहे का?"

बाबांचा राग निघायला निमित्तच मिळालं. "आरं ए ठोकळ्या! आसा येक-येक कचरा हुडकत बसलास तर दिवाळी उजाडंल! दसरा आसा काढत्यात व्हय? आदी समदं भाईर काढ. मग लागंल तेवडं आत घ्यायचं. ऱ्हाईल त्यो कचरा!"

ठोकळ्याला आता नेमकं कळलं. बघता बघता डबे, पातेली, गोधड्या, सगळं अंगणात आलं. मोठं कपाट दारातून मावेना, ते आतच राहिलं. आई आणि कस्तुरी धुऊन पुसून एकेक वस्तू आत नेत राहिल्या. उन्हं कलली तेव्हा अंगणात कपबशी, खराटा आणि तो वाकडा तुकडा एवढंच पडून होतं.

"आई, हे आहे तरी काय?"

"द्येव जाणं. कुणी आत न्हेलं न्हाई, म्हंजी नगं आसंल."

कस्तुरी तुकडा हातात धरून क्षणभर उभी राहिली आणि मग ओसरीकडे धावत सुटली. "आत्या! मूत्रपिंड दसरा काढतं!"

आत्याने तिला जवळ ओढलं. "अगदी बरोबर! मूत्रपिंडात लाखो बारीक गाळण्या असतात. रक्तपेशी आणि मोठी प्रथिनं त्या कपाटासारखी आतच राहतात. बाकी साखर, क्षार, पाणी आणि विषारी पदार्थ सगळे मिळून एका नळीत उतरतात. नळीच्या भिंतीत जिवंत पेशी असतात. त्या तुझ्या आईसारख्या हवं ते उचलून पुन्हा रक्तात घेतात. जे कुणी उचललं नाही, त्याची होते लघवी."

"म्हणजे विष ओळखत बसायलाच नको!"

"त्यातच तर सगळी हुशारी आहे. कधी न पाहिलेला पदार्थ आला तरी बहुतेक वेळा तो आपोआप बाहेरच राहतो. डायलिसिसच्या यंत्रात जाळी असते, पण निवडून परत घेणाऱ्या पेशी नसतात. माझ्या पट्ट्यात त्या आहेत, प्रयोगशाळेत वाढवलेल्या."

कस्तुरी बाबांपुढे जाऊन बसली. "बाबा, सगळं अंगणात काढलं म्हणून आपलं घर रिकामं झालं का हो?"

बाबांनी दारातून आत पाहिलं. फळीवर भांडी चकाकत होती. मग ते आत्याकडे वळले.

"आन् तुज्या त्या पेशी दमल्या तर?"

"दमतीलही," आत्या म्हणाली. "म्हणून तर चाचणी. रोज तपासणी होईल, डायलिसिसही हाताशी राहील. पण खात्री नाही देत मी, दादा."

"खात्री दिली आसतीस तर आलो नसतो," बाबा म्हणाले. "कस्तुरे, माजी पिशवी भर."

पुढच्या वर्षी दसरा काढायला बाबा स्वतः अंगणात उतरले. कमरेचा पट्टा बारीक गुणगुणत होता. गोधड्यांचं ओझं आत टाकून ते घामाघूम होऊन ओसरीवर टेकले. आईने सवयीने पाण्याची वाटी पुढे केली.

"वाटी न्हवं," बाबा म्हणाले. "तांब्या आण."

आईने घाबरून, पट्टा तपासायला आलेल्या आत्याकडे पाहिलं. "अजून पुष्कळांवर चाचणी व्हायची आहे," आत्या म्हणाली, "पट्टा लहान करायचाय, पेशी जास्त टिकवायच्यात. पण वहिनी, दे त्याला तांब्या."

बाबा घटाघटा प्यायले. पाणी हनुवटीवरून सदऱ्यावर ओघळलं, तरी ते थांबले नाहीत. कस्तुरीने आपलाही तांब्या भरून आणला आणि बाबांच्या समोर बसून पाणी प्यायली.