डोंगराचा उंबरा

"ए! पाय मागे घे आधी!"

आंतेचा उचललेला पाय तसाच हवेत राहिला. जुलैची, म्हणजे इथल्या हिवाळ्यातली, हुडहुडी भरवणारी रिमझिम, समोर उघडं फाटक, फाटकापलीकडे डोंगरावर चढत गेलेली ओली पायवाट… आणि मध्येच निळ्या रेनकोटातली एक मुलगी, हातात भलामोठा ब्रश घेऊन उभी.

"काय झालं? साप आहे का?"

"साप परवडला. तो एकालाच चावतो." तिनं ब्रश त्याच्या पायांकडे रोखला. "बूट बघ तुझे. अर्धी खडीची खाण घेऊन आलायस."

"खाणीवरच असतो मी. ट्रक चालवतो."

"मग तर दोनदा घास."

"माझ्या आईनंसुद्धा माझे बूट इतके निरखून बघितले नव्हते."

"त्याचेच परिणाम दिसताहेत," ती म्हणाली आणि हसू येऊ नये म्हणून तिनं ओठ चावला. ते त्याला दिसलंच. तो निमूटपणे खाली बसला आणि बूट घासायला लागला.

मेरिलप गावात हे कुणाला सांगावं लागत नाही. फाटकात लाकडी फळी टाकलेली आहे. तिच्यावर उभं राहून तळवे घासायचे, औषधाचा फवारा मारायचा आणि मगच डोंगरावर पाऊल ठेवायचं. गावात त्या फळीला उंबराच म्हणतात. झाडांना मारणारी मूळकूज चिखलातून येते. डोळ्यांना दिसत नाही, आणि एकदा आली की जाण्याचं नाव घेत नाही. खालचा ओढा तसाच गेला. तिथं आता वाळलेल्या झाडांचे करडे सांगाडे तेवढे उभे. वरचा डोंगर मात्र निरोगी होता. काळी ठेंगणी खोडं आणि डोक्यावर हिरव्या गवताचा विस्कटलेला झुबका, अशी गवतझाडं उतारभर.

ही मुलगी ब्रॉनी. डोंगरावरची वाट तिच्या वडिलांनी, क्लाइव्हनं, तरुणपणी स्वतः कुदळीनं काढलेली. माथ्यावरच्या सगळ्यात जुन्या गवतझाडाशी तिच्या आईची रक्षा टाकली होती. क्लाइव्ह दर शनिवारी तिथं जाऊन थर्मासमधला चहा दोन कपांत ओतायचा. एक स्वतः प्यायचा, दुसरा झाडाच्या बुंध्याशी. त्यामुळे त्या फळीवरून कुणी न घासता गेला की ब्रॉनीला घरात घाण पायांनी शिरल्यासारखं वाटायचं.

आंते पुढच्या शनिवारीही आला. त्याच्या पुढच्याही. क्रोएशियाहून आलेल्या आजोबांचं नाव, उन्हानं रापलेलं नाक, आणि बूट घासण्याची अशी काही तऱ्हा की जणू देवळात… नाही, त्याच्या भाषेत सांगायचं तर चर्चमध्ये निघालाय. घासून झालं की दोन्ही तळवे उलटे करून तिला दाखवायचा.

"पास?"

"टाचेत एक खडा आहे."

"तो मी मुद्दाम ठेवतो. तू जवळ येऊन बघावंस म्हणून."

फाटकासमोरच्या बेकरीतली शर्ली हे सगळं काउंटरमागून बघत असे. गावातली कुठलीही गोष्ट तिच्या काउंटरवरून गेल्याशिवाय खरी होत नसे. "नव्याचे नऊ दिवस गं बाई," खिमा भरलेला मीट पाय कागदात गुंडाळताना ती म्हणाली. "रस्त्याची खडी संपली की ट्रक जाईल आणि ट्रकाबरोबर हाही."

"जाऊ दे की," ब्रॉनी म्हणाली. आणि पैसे द्यायचे विसरून दाराकडे निघाली.

सप्टेंबरात डोंगर फुलांनी भरला. काळ्या काकाकुव्यांचे थवे ओरडत डोक्यावरून जायला लागले. ब्रॉनीनं त्याला वाटेपासून दोन पावलं आत नेलं आणि पालापाचोळ्यातलं एक फूल दाखवलं. कोळ्याच्या पायांसारख्या लांब, बारीक पाकळ्यांचं. आंते गुडघ्यांवर बसला. त्याचा श्वास फुलावर पडत होता, आणि ब्रॉनीचं लक्ष फुलावर अजिबात नव्हतं.

"ही जागा गावातसुद्धा कुणाला दाखवत नाहीस म्हणे?"

"नवख्यांना दाखवते. त्यांना परत वाट सापडत नाही."

"मला सापडेल."

"बघू या… शनिवारी."

तो शनिवार ऑक्टोबरातला. रात्रभर वारं सुटलं होतं, वाटेवरच्या दोन लाकडी पायऱ्या निखळल्या होत्या. आंते त्या बसवायला वर गेला. जाताना नेहमीसारखे तळवे दाखवून गेला, टाचेत खडासुद्धा नव्हता. ब्रॉनी खालच्या ओढ्यात पडलेल्या फांद्या ओढत होती. मेलेल्या ओढ्यात गमबूट घालूनच जायचं आणि निघताना तिथंच काढून ठेवायचे, हा नियम तिचाच. पण गमबूट फाटले होते, म्हणून ती चालण्याच्या बुटांनीच उतरली होती. वर जायच्या आधी घासू, त्यात काय!

आणि डोंगरावरून हाक आली.

"कू-ईऽऽ!"

रानात हरवलेला माणूस अशीच हाक देतो. ब्रॉनी थबकली. पुन्हा एकदा आली. तिसरी अर्ध्यातच तुटली.

ती धावत सुटली. फाटक आलं. फळी आली. ब्रश खुंटीला लटकत होता, औषधाचा डबा भरलेला होता. तिच्या बुटांना ओढ्याचा काळा चिखल थापलेला होता, आणि ते तिला नीट दिसत होतं. कुणी म्हणेल की घाबरून विसरली. विसरली नव्हती. तिनं बघितलं, आणि फळीवरून उडी मारून ती वर गेली.

झाडाची मोडलेली फांदी आंतेच्या मांडीवर कोसळली होती. टोक आत घुसलं होतं आणि रक्त वाटेवरून ओघळत होतं. ब्रॉनीनं कमरेचा पट्टा काढला, मांडीला आवळला, गुडघा रोवून ओढला. त्याचा चेहरा कागदासारखा पांढरा पडला होता. डोळे तिच्या पायांकडे गेले.

"ब्रॉनी… तुझे बूट…"

"गप्प बस."

"ब्रॉनी, चिखल—"

"गप्प बस म्हणते ना! माझ्याकडे बघ. माझ्याकडे!"

इस्पितळातला डॉक्टर म्हणाला, पट्टा बांधायला जरा उशीर झाला असता तर पोरगा हाती लागला नसता. गावानं ब्रॉनीचं कौतुक केलं, शर्लीनं फुकटात केक पाठवला. अपघाताच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ब्रॉनीनं पुन्हा वर जाऊन त्या जागेवर औषधाचे डबेच्या डबे ओतले होते. पण मातीत पेरलेलं असं धुऊन थोडंच निघतं! आंते काठी टेकत फिरायला लागला. तिच्या घरी जेवायला येऊ लागला, क्लाइव्हशी फुटबॉलवरून वाद घालू लागला. चालताना त्याचा हात तिच्या हातात असायचा. त्या बुटांबद्दल मात्र दोघांपैकी कुणी अवाक्षर काढलं नाही. ब्रॉनी मनात म्हणायची, एकदा पाय पडला म्हणून काय होतंय…

पुढचा उन्हाळा सरता सरता पहिलं गवतझाड तांबूस झालं. मग शेजारचं. मग झुबके गळून खोडं आडवी व्हायला लागली. आंते जिथं पडला होता, नेमकी तिथून.

माती तपासून आली. मूळकूज. आजार आणखी पसरू नये म्हणून डोंगर कायमचा बंद करायचा ठरलं. गावाच्या हॉलमध्ये सभा भरली. क्लाइव्ह पहिल्या रांगेत टोपी मांडीवर घेऊन बसला होता आणि टोपीची कड बोटांनी फिरवत होता. माथ्यावरचं झाड अजून हिरवं होतं. पण तिथं पुन्हा जाता येणार नव्हतं.

शर्ली उठली. "सगळ्यांना ठाऊक आहे कुठून आलं ते. खडीच्या खाणीतला चिखल! हा पडला तिथंच सुरुवात झाली. मी तर पहिल्या दिवसापासून सांगत होते."

सगळ्या माना वळल्या. आंते काठीवर भार देऊन उभा राहिला.

"हो," तो म्हणाला. "माझेच बूट असणार."

क्लाइव्हनं मान वर केली नाही. ब्रॉनी त्याच्या शेजारीच होती. तिला उठायचं होतं. पण डॅडनं टोपी अशी काही चुरगळून धरली होती की ती खुर्चीलाच खिळली. ती बसून राहिली. तेवढ्या वेळाची लाज तिला पुढे कितीतरी दिवस पुरली.

बाहेर पार्किंगमध्ये तिनं त्याला गाठलं.

"का बोललास असं?"

"मग कोण बोलणार होतं?"

"तुझे बूट स्वच्छ होते. मी स्वतः बघितले होते!"

"तुझे डॅड तुझ्याकडे ज्या नजरेनं बघतात ना… तसं माझ्याकडे कुणी बघत नाही. मग माझं काय जातंय?"

"तू जातोयस ना!" ती ओरडलीच. "तू!"

खडी संपलीच होती. सामान ट्रकात भरून झालं होतं. "त्या दिवशी तू ब्रशापाशी थांबली असतीस, तर आज हे भांडायला मी नसतो," तो हळूच म्हणाला. "मला ते फेडायचंय, ब्रॉनी. मला एवढंच जमतंय."

फाटकाला साखळी घालायची ती शनिवारची सकाळ. पाऊस भुरभुरत होता. मोजकी माणसं जमली होती. क्लाइव्हला शेवटचं एकदा वर जाऊन यायची मुभा दिली होती. तो गेला नाही. "वाटेत मेलेली माती आहे. ती माझ्या बुटांना लागून हिच्या आईच्या झाडापर्यंत जायची," तो म्हणाला. त्यानं थर्मास उघडला, एक कप भरला आणि फाटकाच्या आतल्या मातीवर ओतला. चहा मुरेपर्यंत तो तिथंच वाकून उभा राहिला.

रस्त्याच्या कडेला ट्रक उभा होता. आंते खाली उतरला, पण लांबच थांबला.

"आलाय बघ तोंड वर करून," शर्ली पुटपुटली. "डोंगर खाल्ला तो खाल्ला…"

"शर्ली," ब्रॉनी म्हणाली, "त्याचे बूट नव्हते ते."

तिचा आवाज तिलाच परका वाटला. ती वडिलांकडे वळली.

"माझे होते, डॅड. ओढ्याचा चिखल होता. मला दिसत होता. ब्रश इथंच होता… आणि मी उडी मारली. आईपर्यंतची वाट मी घालवली. त्याला वाचवायला घालवली, आणि पुन्हा हाक आली तर पुन्हा उडी मारीन. हे सांगायला मला तोंड नव्हतं, म्हणून त्याला बोलू दिलं."

क्लाइव्ह लेकीकडे बघत होता. तिला वाटलं होतं तो ओरडेल. ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याचा चेहरा नुसता म्हातारा झाला. त्यानं साखळी ओढली, कुलूप लावलं, ओढून बघितलं. मग आंतेकडे वळला.

"तुला माहीत होतं?"

"हो."

"आणि तू माझ्या टेबलाशी बसून इतके महिने जेवलास."

"हो."

क्लाइव्हनं खुंटीवरचा ब्रश काढला. क्षणभर तो हातात तोलला, मग लेकीच्या हातात दिला. "आता उतरताना घासायचे असतात, वरचा रोग खाली जाऊ नये म्हणून," तो एवढंच म्हणाला, आणि टोपी घालून एकटाच गावाकडे चालू लागला. त्यानं वळून बघितलं नाही. माणसं एकेक करून पांगली.

ती फळीवर बसून रडायला लागली. आंते काठी बाजूला टाकून, दुखरा पाय लांबवून कसाबसा तिच्यासमोर बसला. तिच्या हातातून त्यानं ब्रश घेतला आणि तिचा बूट आपल्या मांडीवर ओढला, त्या वणावरच.

"आता कशाला?" ती हुंदका देत म्हणाली. "वाट तर बंद झाली."

"गावात अजून झाडं आहेत. तुझ्या डॅडच्या अंगणातलं लिंबाचं झाड आहे." तो कडेची माती खरवडत राहिला. "आपल्याला तिथं जायचंय."

"डॅड दार नाही उघडणार."

"आज नाही."

"आणि तुझा ट्रक?"

"ट्रक मालकाचा आहे. घेऊन जाईल तो." त्यानं मान वर केली. पाऊस त्याच्या पापण्यांवर साठला होता. "माझं प्रेम आहे तुझ्यावर. तू उडी मारलीस तेव्हापासून नाही… तू मला अडवलंस तेव्हापासून."

ब्रॉनीनं डोळे पुसले. मग तिनं दुसरा बूट पुढे केला.

"नीट घास," ती म्हणाली. "टाचेत राहिलंय."