पहिल्या बाकावरचे सर

पाटोद्याच्या प्रशिक्षणात पहिल्याच सकाळी एकाने हजेरीपटावर पाचही दिवसांच्या सह्या एका दमात ठोकायला घेतल्या. तिसऱ्या सहीला प्रियदर्शनीने त्याचं पेनच धरलं.

"सर, आज सोमवारच हाय."

त्याने मान वर केली... आणि वरच ठेवली. हा शिवशंकर, धारूरजवळच्या एका शाळेचा नवा मुख्याध्यापक. आणि दिव्यांग मुलांना कसं शिकवावं हे अशा सरांना शिकवायला आलेली विशेष शिक्षिका ती.

"समदेच करतेत, मॅडम. सही तर माझीच हाय ना?"

"सही तुमची, पण दिवस यायचेत अजून."

"मंग रोज यावं लागंल—"

"यावंच लागंल."

"तुमी असता का रोज?"

तिने रजिस्टर ओढून घेतलं, पण हसू काही आवरेना.

आणि स्वारी रोज आली! बाकीचे मुख्याध्यापक जेवले की पसार. हा मात्र पहिल्या बाकावर, गालाला हात लावून तिच्याकडे बघत. वहीत एक अक्षर नाही. ते तिला दिसत नव्हतं असं कोण म्हणेल? दिसत होतं, आणि खरं सांगायचं तर लई आवडत होतं. "ऐकू न येणारं मूल ओठ वाचतं. त्याला पुढं बसवा, त्याच्याकडं तोंड करून बोला," असं ती सांगत होती तेव्हा तो तिच्याच ओठांकडे बघत होता... ती अडखळली, लाजली.

चौथ्या दिवशी धो-धो पाऊस आला. पत्र्याखाली दोघं चहा घेऊन उभे राहिले. "धारूरला या की. किल्ला दाखवतो."

"किल्ला बघायला एवढ्या लांब?"

"किल्ल्याचं निमित्त हो..."

महिन्याभरात गोष्ट घरापर्यंत गेली. त्याची आई, वच्छलाबाई, रविवारी बघायला येणार होती. मंगळवारी प्रियदर्शनीची शाळाभेट नेमकी त्याच्याच शाळेत निघाली. नवी साडी नेसून, न कळवता ती गेली. त्याचा चेहरा बघायचा होता तिला.

वर्गाच्या दारातून दिसली ती त्याची पाठ. फळ्यावर लिहीत तो फळ्याशीच बोलत होता. चौथीतली कर्णबधिर संस्कृती शेवटच्या बाकावर, भिंतीला टेकून बसली होती.

"तू! सांगून तरी यायचं..." तो किती खुलला!

"संस्कृतीला मागं कावून बसवलं?"

"तिला पुढं काय अन् मागं काय, ऐकूच येत न्हाई."

ती बघतच राहिली. "पाच दिवस काय ऐकलं तुमी?"

"खरं सांगू?" त्याने आवाज खाली आणला. "तुझ्याबिगर काई दिसलंच न्हाई तिथं."

हेच वाक्य तिला मागच्या आठवड्यात फोनवर ऐकायला मिळालं असतं, तर ती रात्रभर झोपली नसती. आता त्याचा रागही आला आणि त्याहून जास्त स्वतःचा.

"अन् तिची काळजी नको करू. चाचणी हाय पुढल्या महिन्यात, शाळेची टक्केवारी पडती. तिच्या बापाला सांगितलंय मी, तवा तिला घरीच ठेवा म्हणून."

"तिच्या बापाला बोलवा अन् सांगा, पोरगी चाचणीला बसंल. आज. माझ्यासमोर."

"एका पोरीपायी? प्रिया, आपल्या दोघांत हे कशाला आणती?"

तिला रडू आलं. अजूनही तो तिला आवडत होता, हीच तर पंचाईत होती. "आईंना सांगा, रविवारी येऊ नका म्हणावं."

"एवढ्यावरून लग्न मोडती?"

"एवढ्यावरून न्हाई. याच्यावरूनच."

संस्कृती मागच्या बाकावरून दोघांची तोंडं बघत होती. मॅडमचे डोळे भरलेले, सर चिडलेले... भांडण आपल्यावरूनच, एवढं तिला समजलं. ती उठली, दप्तर खांद्याला लावलं आणि मुकाट्याने घराकडे चालू लागली. वर्गातल्या एकाही मुलाला त्याचं नवल वाटलं नाही.