तुरुंगाचा पानमळा

"हसू नका. विजयेंद्र माझा मित्र नव्हता, नुसता ओळखीचा. असल्याशी मैत्री कोण करणार?" गच्चीवरचा दिवा मालवत संताजीराव म्हणाले. रक्षित आणि चैत्रा ही त्यांची नातवंडं जवळ सरकली. मग त्यांनी सांगितलं ते असं.

टी. नरसीपूरच्या रस्त्यावर तुरुंगाची शेती आहे. नजरबादचा विजयेंद्र तिथला साहेब. शेतीचा साहेब, पण मातीला कधी बोट लावलं नाही. "शेती शिकवून कैदी सुधारणार म्हणे! कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडंच," एवढंच त्याचं ज्ञान.

तिथे मादप्पा नावाचा कैदी होता. रागाच्या भरात सख्ख्या भावाचा जीव घेतलेला. त्यानं राबून राबून विड्याच्या पानांचा मळा उभा केला आणि त्या मळ्यानं त्याला निवळवलं. नवी पोरं मारामारीवर आली की तो म्हणे, "आधी वेलींना पाणी दे, मग मार." पाणी देईस्तोवर राग उतरलेला असे. त्याच्या सुटकेची शिफारस मागितली, तर या शहाण्यानं "नाटक आहे" म्हणून नाकारली. मादप्पा तुरुंगातच वारला.

पुढे मळा ठेवायचा की मोडायचा, हे पाहायला बेंगळूरहून समिती येणार असं ठरलं. मोडला तर पोरं पुन्हा दिवसभर कोठडीत. विजयेंद्रनं अक्कल पाजळली. ऐन उन्हाळा; मोटरीचा फ्यूज काढला की समिती येईतो वेली माना टाकतील.

गेल्या वर्षीची वैशाख अमावस्या, रात्रीचे साडेअकरा. शेतीची वीज रात्रीच येते, मोटर चालू होती. पानमळ्यात पायताण घालून कुणी शिरत नाही; खुनी, दरोडेखोरसुद्धा फाटकाबाहेर चपला सोडतात. साहेब बुटांसकट आत गेले.

"चप्पलि बिट्टु बन्नि, सार." चपला सोडून या, साहेब.

आवाज वेलींतून आला. विजयेंद्रला वाटलं, पहारेकरी असेल. "कोण रे? मला शिकवतोस?"

कैदी तर सगळे कुलपात. त्यानं नाक मुरडलं आणि फ्यूज उपटला. मोटर थांबली.

मग ऐकू आलं. ओळीतून कुणीतरी चालत होतं. अनवाणी. सावकाश.

"कोण...?"

पावलं थांबली. कानाशी आवाज आला.

"ईग हाकी, सार." आता बसवा, साहेब.

मादप्पाचा आवाज. राग नव्हता त्यात. जराही नव्हता...

विजयेंद्र वळला. तळव्यांना गार चिखल लागला. बोटांमधून वर आला.

बोटांमधून?

त्यानं खाली चाचपलं. पाय उघडे होते.

कसाबसा त्यानं फ्यूज बसवला. पाणी वाहू लागलं. तो सुटला तो थेट हमरस्त्यावर.

"समितीला मळा हिरवागार दिसला. पोरं आजही तिथे राबतात. आपला शूर वीर बदली मागून पळाला. थू त्याच्या साहेबीवर!"

चैत्रा हळूच म्हणाली, "अज्जा, भीतीत त्यानंच बूट काढले असणार ना, अल्लवा?"

"मलाही तसंच वाटलं होतं गं. पण सकाळी पहारेकऱ्याला ते फाटकाबाहेर सापडले. शेजारी शेजारी नीट ठेवलेले. घोट्यापर्यंत नाड्या आवळलेल्या. त्यानं घरून बांधल्या होत्या तशाच. एकही गाठ सुटलेली नव्हती."