माकलीच्या कातडीची पाटी

या, असे जवळ सरकून बसा. केरकेन्ना बेटावरची गोष्ट सांगते. गोष्ट रंगांची आहे, आभाळ मात्र शेवटपर्यंत राखाडीच राहील.

स्फाक्स बंदरातून बेटाकडे निघालेल्या बोटीत वजदीची बादली कलंडली, आणि आतल्या माकलीनं आम्नाच्या बाहीवर शाई सोडली.

"घाबरली बिचारी," तो म्हणाला.

"मी नाही घाबरले."

"मी माकलीचं म्हणतोय, लल्ला." तिकडे बाईमाणसाला मानानं लल्ला म्हणतात.

दोघं एकाच प्रयोगशाळेतली निघाली. माकली क्षणात कातडीचा रंग पालटते, तशी पाटी त्यांना करायची होती... दिवा नको, विजेच्या नुसत्या स्पर्शानं पातळ पापुद्रा फुगावा, आकसावा, निळ्याचा लाल व्हावा. आम्ना पापुद्रे ओतायची, वजदी तारा जोडायचा. तारांपेक्षा तिच्याकडेच जास्त बघायचा. ती रागवायची – आणि मान खाली घालून हसायची. देवानं मुक्या जिवाला मन अंगावर मांडायची कला दिली आणि माणसाला जीभ दिली. माणूस तीच गिळून बसतो.

हिवाळ्यात वजदीला कोरियातल्या पडद्यांच्या कारखान्याचं बोलावणं आलं. जावं की नाही, त्याचं ठरेना. चहा ओतता ओतता म्हणाला, "कुणी थांब म्हटलं, तर थांबेन."

"कुणी म्हणजे?"

"कुणीही... माकली सोडून."

आम्नाला बोलवेना. त्यांची पहिली पाटी बेटाच्या धक्क्यावर बोटीच्या वेळा दाखवायला लागली होती. तो निघायच्या सकाळी तिनं त्या पाटीवर एकच शब्द चढवला – थांब.

पण पापुद्रा तिनं जोखला होता प्रयोगशाळेच्या गार, कोरड्या हवेत. धक्क्यावर धुकं उतरलेलं. समुद्राची ओल पिऊन सगळाच पापुद्रा फुगला. अक्षरं लाल, भोवतालही लाल.

वजदी पेटी घेऊन त्या कोऱ्या लाल पाटीपुढे उभा राहिला. मग वळून म्हणाला, "काय लिहिलं होतंस?"

आता नुसतं बोलायचं होतं. पण निरोपाला आलेली त्याची आई, मावश्या, सगळा धक्का तिच्याकडे बघत होता...

"बोटीची वेळ," ती म्हणाली.

"बरं." तो हसला, पण डोळे हसले नाहीत. आणि बोटीत चढला.

आम्ना हल्ली प्रत्येक पापुद्रा धुक्यात नेऊन जोखते. आज निजण्याआधी देवापुढे हात पसराल, तेव्हा या पोरीची आठवण ठेवा. मोठं काही मागू नका. पुढच्या खेपेला तिची जीभ रेटू दे, एवढंच मागा.