रामनगरच्या कोंबड्यांचा उपास

"परत? चारही पोती परत?" शार्दूल नावेतल्या पोत्यांवरच कोसळला. काशीतला बालाजी घाट ते गंगेपलीकडचं रामनगर ही सुट्टीतली तिसरी खेप, त्यात मेमधलं ऊन! हातपाय आता बोलायला लागले होते.

नाव गीतादीदींची. त्यांच्या जाळ्यात हल्ली सकर मासाच जास्त येई. काटेरी, जाळं फाडणारा, खायला कुणी घेईना. दीदींनी तो उकडून, वाळवून, कोंड्याबरोबर दळून कोंबड्यांचं खाद्य केलं. नमुना कोंबड्यांनी फस्त केला, म्हणून रामनगरच्या कोंबडीवाल्या चाचांनी पोती मागवली. आणि आता त्यांच्या कोंबड्या चोचही लावत नव्हत्या!

"शाम तक ठीक माल लाओ, नहीं तो बस," चाचांनी बजावलं होतं.

"बस तो बस," दीदी थकून म्हणाल्या. "जाल भी अब कौन सिले?"

शार्दूलच्या बहिणीला, मालविकाला, फार वाईट वाटलं. तेवढ्यात छोट्या रुचीनं पोत्याला नाक लावलं. "ताई, आरतीचा वास येतोय!"

"माशाला आरतीचा वास? ऊन लागलंय तुला!" शार्दूल कण्हला.

मालविकानं पोत्यात कोपरापर्यंत हात घातला आणि एक पुरचुंडी बाहेर काढली. कापूर! चारही पोत्यांत तेच!

पोती ठेवायला कोठी दिली होती मालविकाच्या काशीनाथकाकांनी.

"मी? माशाच्या पोत्याला मी बोटही लावत नाही!" मुलांनी घरी विचारताच काका कडाडले.

"बरं काका. आरतीला कापूर द्या ना," मालविका गरीब चेहऱ्यानं म्हणाली.

काकांनी डबा उघडला. रिकामा!

"परवाच तर भरला होता!" शार्दूल म्हणाला.

काका रिकामा डबा मांडीवर घेऊन बसले. "कोठीशेजारीच देवघर, गं. वासानं जीव नकोसा झाला. म्हटलं, जरा कापूर घालावा..."

"काका, कोंबड्यांना कुठलं सोवळं!" मालविका म्हणाली.

काका उठले, नावेतून एकेक पोतं खांद्यावर आणलं आणि घाटावर चादरी अंथरून स्वतःच्या हातानं खाद्य उन्हात पसरलं. सगळ्यांनी ते दुपारभर खालीवर केलं. कापराचा वास उडाला, माशाचा तेवढा राहिला.

संध्याकाळी रामनगरला कोंबड्या तुटून पडल्या!

"शाबाश बच्चो!" चाचा हसले. "अगले हफ्ते छह बोरी!"

परतताना ओरडायचं त्राण कुणातच नव्हतं. रुची काकांच्या मांडीवर झोपली होती.

"आम्हा मोठ्यांपेक्षा हिचं नाक शहाणं," काका हळूच म्हणाले. त्यांच्या हातांना माशाचा वास येत होता, पण त्यांनी ते धुतले नव्हते.

दीदींनी शार्दूलच्या हाती वल्हं दिलं, फाटलं जाळं पुढ्यात ओढलं आणि सुईत दोरा ओवला.